विश्लेषण : रक्तातील प्रथिनाची किंमत प्रयोगशाळा ठरवते की पाच अंकी कोड?

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतील बिघाडाचा अंदाज घेण्यासाठी रक्तातील ‘पीएसए’ हे प्रथिन मोजले जाते. अमेरिकेतील मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेत या एकाच चाचणीचे दोन कोड आहेत. रुग्णाला काही त्रास आहे म्हणून डॉक्टरांनी चाचणी सांगितली असेल तर ८४१५३. त्रास नसताना केवळ खबरदारीची तपासणी असेल तर जी०१०३. रक्ताची नळी तीच, यंत्र तेच, अहवालात येणारा आकडाही तोच. मात्र जी०१०३ हा कोड पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला वर्षातून एकदाच वापरता येतो, तर ८४१५३ सोबत आजाराचे किंवा लक्षणाचे कारण सांगणारा आणखी एक कोड जोडावा लागतो. जोडी चुकली की दावा परत येतो.

वैद्यकीय बिलांच्या या कोडभाषेची चर्चा आता पुन्हा सुरू झाली आहे. अल्झायमरचे निदान सोपे करणाऱ्या रक्तचाचण्या बाजारात आल्या आहेत, त्यातील प्रथिनांना २०२५ पासून स्वतंत्र कोड मिळाले आहेत आणि त्याच वेळी प्रयोगशाळांच्या दरांत कपात करण्याचा वाद अमेरिकी काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षे लोंबकळत आहे. पुणे, नवी मुंबई आणि नागपुरात बसून अमेरिकी रुग्णालयांची बिले कोडबद्ध करणाऱ्या तरुणांसाठी तर हा रोजच्या कामाचा भाग आहे.

हे कोड कोणाचे?

बिलात मुख्यतः दोन प्रकारचे कोड असतात. काय केले हे सांगणारा सीपीटी कोड आणि का केले हे सांगणारा आयसीडी कोड. सीपीटी ही यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेची मालमत्ता आहे. ती १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९८३ मध्ये मेडिकेअरने ती स्वीकारली. म्हणजे सरकारी योजनेचे बिल ज्या भाषेत लिहायचे, त्या भाषेचे हक्क एका खासगी संघटनेकडे आहेत आणि ती वापरण्यासाठी परवाना शुल्क मोजावे लागते. आयसीडीची दहावी आवृत्ती अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. तिच्यात जवळपास ७० हजार कोड आहेत. सीपीटी दर १ जानेवारीला बदलते, आयसीडी दर १ ऑक्टोबरला. या दोन तारखांच्या आसपास कोडिंग कंपन्यांत सुट्ट्या मिळणे का अवघड होते, हे त्यावरून लक्षात यावे.

एका रुग्णाच्या बिलात काय काय असते?

अडुसष्ट वर्षांच्या एका रुग्णाची कल्पना करू. पाठ सतत दुखते, हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टरांना मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाची शंका येते. या आजारात प्लाझ्मा पेशी एकाच प्रकारचे प्रथिन भरमसाट तयार करतात आणि ते रक्तात सापडते.

प्रयोगशाळा आधी रक्तातील एकूण प्रथिने मोजते, कोड ८४१५५. मग विजेच्या प्रवाहाने प्रथिनांचे गट वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी होते, कोड ८४१६५. ही चाचणी प्रत्येक गटाचा टक्का सांगते. टक्क्याचे ग्रॅममध्ये रूपांतर करायला एकूण प्रथिनांचा आकडा लागतो, म्हणून दोन्ही कोड सोबत येतात. आलेखात संशयास्पद सुळका दिसला तर तो नेमका कोणत्या प्रथिनाचा हे ओळखण्यासाठी इम्युनोफिक्सेशन, कोड ८६३३४. शिवाय आयजीजी, आयजीए, आयजीएम या तीन प्रतिपिंडांची मोजणी, ज्यासाठी ८२७८४ हा एकच कोड तीनदा लावायचा. लघवीचा नमुना असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशनचे कोड पुन्हा वेगळे.

मेडिकेअरच्या दरपत्रकात एकूण प्रथिनांना पावणेचार डॉलरही मिळत नाहीत. इलेक्ट्रोफोरेसिसला पावणेअकरा डॉलरच्या आसपास, इम्युनोफिक्सेशनला सुमारे २२ डॉलर आणि प्रत्येक प्रतिपिंडाला नऊ डॉलरहून थोडे अधिक. कर्करोगाच्या निदानाची ही पहिली पायरी सरकारला ६५ डॉलरच्या आत पडते.

यात फ्री लाइट चेन ही आणखी एक चाचणी असते. २०२१ अखेरपर्यंत तिला स्वतःचा कोड नव्हता. ‘इतरत्र उल्लेख नसलेले प्रथिन’ अशा अर्थाच्या ८३८८३ या कोडाखाली ती बिलात जायची. त्याच कोडाखाली इतर प्रथिनेही जात असल्याने विमा कंपनीला नेमके कशाचे पैसे मागितले आहेत हे कळत नसे. १ जानेवारी २०२२ पासून तिला ८३५२१ मिळाला. कॅप्पा आणि लॅम्ब्डा असे तिचे दोन घटक असतात व दोन्हींसाठी हा कोड एकेकदा लागतो. कोडरने एककांच्या रकान्यात दोनऐवजी एक लिहिले तर प्रयोगशाळेला निम्मेच पैसे मिळतात, आणि कोणाच्या लक्षात आले नाही तर ते कायमचे जातात. मेडिकेअरकडे दावा करण्याची मुदत चाचणीपासून एक वर्षाची आहे.

न भेटलेल्या डॉक्टरांचे बिल का येते?

मेडिकेअरच्या मूळ योजनेत प्रयोगशाळेतील चाचण्यांवर रुग्णाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. तरीही प्रथिनांच्या चाचणीनंतर एखाद्या अनोळखी डॉक्टरांच्या नावे काही डॉलरचे बिल घरी येते आणि घरात गोंधळ उडतो. कारण असे की इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन या अशा मोजक्या चाचण्या आहेत, ज्यांचा आलेख पॅथॉलॉजिस्टने पाहून लेखी अभिप्राय दिला तर त्याचे वेगळे पैसे मिळतात. मूळ कोडाला २६ हा जोडअंक लावला की ती रक्कम प्रयोगशाळेच्या नव्हे तर डॉक्टरांच्या दरपत्रकातून दिली जाते आणि तिथे रुग्णाचा २० टक्के हिस्सा लागू होतो. एका नळीतील रक्ताची दोन बिले होतात. दोन्ही कायदेशीर असतात, फक्त रुग्णाला आधी कोणी काही सांगितलेले नसते.

‘शंका’ लिहिली तर काय होते?

हा मुद्दा आकड्यांपेक्षा गंभीर आहे. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर ‘मायलोमा असण्याची शक्यता’ असे लिहितात. कोडिंगच्या नियमानुसार बाह्यरुग्णाच्या बाबतीत ‘शक्यता’, ‘संशय’, ‘नाकारण्यासाठी तपासणी’ अशा शब्दांवरून आजाराचा कोड लावता येत नाही. जे निश्चित आहे तेवढेच लिहायचे. म्हणजे पंडुरोगाचा डी ६४.९, पाठदुखीचा एम ५४.५०. मायलोमाचा सी ९०.०० नाही.

पण व्यवहारात मोह उलट दिशेला असतो. कर्करोगाचा कोड लावला तर चाचणी ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ ठरून दावा मंजूर होण्याची शक्यता वाढते, लक्षणाचा कोड लावला तर तो अडकू शकतो. घाईत सी ९०.०० लागला, पैसे आले, अहवाल स्वच्छ निघाला. रुग्णाच्या विमा नोंदीत मात्र कर्करोग राहिला. तो काढायचा तर डॉक्टर, प्रयोगशाळा आणि विमा कंपनी या तिघांच्या मागे त्यानेच धावायचे.

यात प्रयोगशाळेची कोंडी अशी की तिने रुग्णाला पाहिलेलेही नसते. निदानाचा कोड चाचणी सांगणाऱ्या डॉक्टरांकडूनच यायला हवा, प्रयोगशाळेने तो अंदाजाने भरणे नियमबाह्य आहे. चिठ्ठीवर कारण लिहिलेले नसेल तर दवाखान्यात फोन करावा लागतो. हा फोन अनेकदा आपल्याकडच्या रात्रपाळीतून जातो. बीएस्सी, बीफार्म, बीएचएमएस किंवा फिजिओथेरपी झालेले तरुण सीपीसीसारखी प्रमाणपत्र परीक्षा देऊन या कामात येतात. त्यांच्यासमोर रुग्ण नसतो, असतो तो अहवाल, डॉक्टरांची टिपणी आणि तासाला किती फायली संपवायच्या याचे लक्ष्य. वेग आणि अचूकता यांची सर्वाधिक ओढाताण होते ती ‘शंका’ या शब्दापाशी.

फेरिटिन, सीए-१२५, पीएसए अशा २३ चाचणी-गटांसाठी मेडिकेअरने देशभर एकच नियम ठरवले आहेत. कोणत्या आजाराच्या कोडासोबत पैसे मिळतील याच्या याद्याच प्रसिद्ध असतात. कारण यादीत बसत नसेल तर प्रयोगशाळेने रुग्णाकडून आधीच पूर्वसूचना पत्रावर सही घ्यायची असते, की मेडिकेअरने नाकारले तर खर्च मी देईन. ही सही नसेल तर नाकारलेल्या चाचणीचे पैसे रुग्णाकडून मागता येत नाहीत. अमेरिकेत आईवडिलांची बिले सांभाळणाऱ्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावी अशी ही बाब. बिल आले की आधी कोडनिहाय तपशील मागायचा आणि सही केलेले पत्र दाखवा म्हणायचे.

पाच प्रथिनांच्या दोन किमती कशा?

अंडाशयात गाठ असलेल्या महिलेची शस्त्रक्रिया ठरली की ती गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता किती, हे आधी कळावे यासाठी ‘ओव्हा-१’ नावाची चाचणी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला २००९ मध्ये मंजुरी दिली. ती सीए-१२५, ट्रान्सफेरिन, ट्रान्सथायरेटिन, अपोलिपोप्रोटीन ए-१ आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ही पाच प्रथिने मोजते. पाचही प्रथिनांना स्वतंत्र कोड आहेत. ती सुटी सुटी मोजून बिल केले तर मेडिकेअरच्या दराने एकूण रक्कम शंभर डॉलरच्या आत राहते. पण ओव्हा-१ या पाच आकड्यांवर सूत्र चालवून धोक्याचा एकच गुण देते. तिचा कोड ८१५०३ आणि मेडिकेअरचा दर ८९७ डॉलर.

कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. सूत्र शोधायला, शेकडो रुग्णांवर ते तपासायला आणि मंजुरी मिळवायला खर्च येतो, तो सुट्या प्रथिनांच्या दरातून निघत नाही. पण याचा दुसरा परिणाम उघड आहे. प्रथिन मोजण्यात पैसा उरत नाही आणि मोजलेल्या आकड्यांवर गणित करण्यात उरतो, असा संदेश दरपत्रकच देते. त्यामुळे संशोधनाचा ओढा साहजिकच मालकी हक्काच्या चाचण्यांकडे वळतो. अशा चाचण्यांसाठी ‘पीएलए’ नावाची वेगळी कोडमालिका आहे. चार अंक आणि शेवटी ‘यू’. हा कोड एका विशिष्ट प्रयोगशाळेच्या किंवा उत्पादकाच्या चाचणीलाच लागू होतो आणि तो उपलब्ध असेल तर सर्वसाधारण कोड वापरता येत नाही.

फेरिटिनचे प्रकरण काय होते?

कोडच्या आडून पैसे कसे काढले जातात याचे जुने उदाहरण एका साध्या प्रथिनाचेच आहे. नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज या मोठ्या कंपनीने नेहमीच्या रक्तचाचण्यांच्या गटात शरीरातील लोहसाठा सांगणारे फेरिटिन आणि एचडीएल कोलेस्टेरॉल यांची भर घातली. गटावर खूण केली की या दोन्ही चाचण्या आपोआप होत. त्यांच्यासाठी फारसे पैसे पडत नाहीत असा डॉक्टरांचा समज करून देण्यात आला होता. मेडिकेअरला मात्र त्यांचे स्वतंत्र बिल जात होते. डिसेंबर १९९२ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ११ कोटी १० लाख डॉलर भरले. तेथून सुरू झालेल्या चौकशीसत्रात १९९७ मध्ये स्मिथक्लाइन बीचमच्या प्रयोगशाळांनी ३२ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. गटात कोणत्या चाचण्या आहेत आणि प्रत्येकीचे किती पैसे लागतील हे डॉक्टरांना स्पष्ट कळवावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे १९९८ मध्ये आली ती यामुळेच.

तरीही २०१५ मध्ये व्हर्जिनियातील हेल्थ डायग्नोस्टिक लॅबोरेटरी ही हृदयविकाराशी संबंधित घटकांचे मोठमोठे चाचणी-गट विकणारी कंपनी अडचणीत आली. नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरांना ‘हाताळणी शुल्क’ म्हणून दर नमुन्यामागे पैसे दिल्याचा आरोप तिच्यावर होता. चार कोटी ७० लाख डॉलरची तडजोड झाली आणि काही आठवड्यांतच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दर गोठले का आहेत?

प्रयोगशाळांचे मेडिकेअर दर १९८४ पासून ठरावीक दरपत्रकानुसार दिले जात. खासगी विमा कंपन्या याहून कमी पैसे देतात, मग सरकारने जास्त का द्यावे, या विचारातून २०१४ मध्ये ‘पामा’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. खासगी दरांची माहिती गोळा करायची आणि त्यांचा मध्य काढून नवा दर लावायचा, अशी ही पद्धत. २०१६ च्या पहिल्या सहामाहीची आकडेवारी घेतली गेली आणि २०१८ पासून दर बदलले. पहिली तीन वर्षे कपात वर्षाला कमाल १० टक्के, त्यानंतर कमाल १५ टक्के.

अडचण आकडेवारीतच होती. देशात लाखो नोंदणीकृत प्रयोगशाळा असताना माहिती दिली ती दोन हजारांहून कमी प्रयोगशाळांनी. घाऊक दरात काम करणाऱ्या बड्या साखळ्यांचा वाटा मोठा, तर जास्त दर मिळवणाऱ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळा जवळपास बाहेरच राहिल्या. साहजिकच मध्य खाली आला. कोणत्या प्रयोगशाळांनी माहिती द्यायची हे ठरवणारा सरकारी नियम मनमानी असल्याचे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले. कायदा रद्द झाला नाही, दरही जुने परत आले नाहीत. २०२० नंतरची कपात मात्र काँग्रेस सतत पुढे ढकलत आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी टाळेबंदी संपवणाऱ्या विधेयकातही आणखी एक छोटी मुदतवाढ होती.

याचा फटका सर्वांना सारखा नाही. साखळी प्रयोगशाळा दिवसाला हजारो नमुने एकाच यंत्रावर चालवते. जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात दिवसाला चार इलेक्ट्रोफोरेसिस होतात आणि त्यासाठीही प्रशिक्षित माणूस, रसायने व गुणवत्ता तपासणी लागतेच. पावणेअकरा डॉलरमध्ये ते बसत नसेल तर नमुना बाहेर पाठवला जातो आणि मायलोमाच्या शंकेत असलेल्या रुग्णाचा अहवाल काही दिवसांनी लांबतो. याच कायद्यात प्रथिने, डीएनए किंवा आरएनए यांवर सूत्र चालवणाऱ्या एकाच प्रयोगशाळेच्या ‘प्रगत’ चाचण्यांना वेगळी वागणूक आहे. त्यांना पहिल्या तीन तिमाहींत कंपनीने जाहीर केलेल्या किमतीनुसार पैसे मिळतात.

अल्झायमरच्या चाचणीचे काय?

लेकेनेमॅबला जुलै २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ही औषधे देण्यापूर्वी मेंदूत अमायलॉइड साचले असल्याची खात्री करावी लागते. त्यासाठी आतापर्यंत महागडे पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातून पाणी काढणे हे दोनच मार्ग होते. १६ मे २०२५ रोजी फुजिरेबियो कंपनीच्या लुमिपल्स या रक्तचाचणीला मंजुरी मिळाली. ती पी-टाउ २१७ आणि बीटा अमायलॉइड १-४२ या दोन प्रथिनांचे गुणोत्तर सांगते. प्रशासनाने तपासलेल्या ४९९ नमुन्यांत, चाचणी सकारात्मक आलेल्यांपैकी ९१.७ टक्के जणांच्या आणि नकारात्मक आलेल्यांपैकी ९७.३ टक्के जणांच्या बाबतीत तिचा निष्कर्ष स्कॅन किंवा पाठीच्या पाण्याच्या तपासणीशी जुळला. वीस टक्क्यांहून कमी रुग्णांत निष्कर्ष अनिश्चित राहिला.

त्याआधीच, १ जानेवारी २०२५ पासून, सीपीटीमध्ये या प्रथिनांना जागा मिळाली होती. बीटा अमायलॉइड १-४० साठी ८२२३३, १-४२ साठी ८२२३४, फॉस्फोरिलेटेड टाउसाठी ८४३९३, एकूण टाउसाठी ८४३९४ आणि न्यूरोफिलामेंट लाइट चेनसाठी ८३८८४. हे सर्वसाधारण कोड आहेत, कोणतीही प्रयोगशाळा ते वापरू शकते. त्यांच्याच शेजारी मालकीच्या चाचण्याही आहेत. उदाहरणार्थ ०४१२ यू हा अमायलॉइडचे गुणोत्तर, एपीओई प्रथिनाचा प्रकार आणि वय यांवर सूत्र चालवणाऱ्या चाचणीचा कोड आहे. पाच प्रथिने आणि दोन किमतींची गोष्ट इथे मोठ्या बाजारात पुन्हा घडू शकते.

कोड मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही, ही यातली सर्वाधिक दुर्लक्षित बाब. नव्या कोडाचा दर दोन पद्धतींनी ठरतो. जुन्या, मिळत्याजुळत्या चाचणीचा दर उचलून लावायचा किंवा मेडिकेअरच्या प्रादेशिक कंत्राटदारांना स्थानिक खर्च पाहून दर सुचवायला सांगायचा. कोणत्या चाचणीशी ‘मिळतेजुळते’ मानले यावर किंमत अनेक पटींनी बदलू शकते, म्हणून त्यासाठीच्या वार्षिक जाहीर बैठकीत कंपन्यांचे प्रतिनिधी जोरदार मांडणी करतात. दर ठरल्यावरही कोणत्या रुग्णाला चाचणी मान्य, हा निर्णय उरतोच. देशव्यापी नियम नसेल तेव्हा तो प्रादेशिक कंत्राटदार घेतात आणि एका राज्यात मिळालेले पैसे शेजारच्या राज्यात नाकारले जाऊ शकतात.

इथेही ‘का केली’ हा कोड निर्णायक ठरणार आहे. सौम्य बोधात्मक क्षीणतेचे निदान झालेल्या रुग्णाला जी ३१.८४ लागतो. नुसतीच ‘विसरायला होते’ अशी तक्रार असेल तर आर ४१.३. आईला अल्झायमर होता म्हणून धास्तावलेल्या, पण स्वतःला काहीच त्रास नसलेल्या पन्नाशीतील मुलीसाठी यांपैकी काहीच लावता येत नाही. तिची चाचणी मेडिकेअरच्या भाषेत खबरदारीची तपासणी ठरते, आणि पीएसएला कायद्याने दिलेल्या जी०१०३ सारखी सोय या प्रथिनांसाठी अद्याप नाही.